बिननावाची हाक

यंदा दिवाळी नव्हती, म्हणून उमाठे कुटुंब डोंगरावर तंबूत राहायला गेलं.

घरातल्या सासूबाई, यमुताई, फाल्गुनात गेल्या. वर्षाच्या आत घरात सण करायचा नाही, हा नियम त्यांनी इतरांच्या मरणात इतक्या कडकपणे पाळून घेतला होता, की त्यांच्या स्वतःच्या मरणात तो मोडायची कुणाची छाती नव्हती. पण पाळायचा म्हणजे नागपूरच्या धरमपेठेतल्या घरात कंदील न लावता बसायचं आणि फराळाचा डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी हळहळायला जागा द्यायची, मग चहा. त्यावर धाकट्या सुनेनं, गुंजननं, पुण्याहून तोडगा काढला. सण करायचा नाही असं शास्त्र म्हणतं. सहल करायची नाही असं ते कुठंही म्हणत नाही. सातपुड्यातल्या एका राष्ट्रीय उद्यानात, निमदरा नावाच्या कड्याजवळ, भाड्यानं तंबू मिळत होते. मोबाइलवरच्या फोटोत तंबूसमोर शेकोटी होती, शेकोटीभोवती हसणारं कुटुंब होतं, आणि त्या कुटुंबातलं कुणीही एकमेकांचं नातेवाईक वाटत नव्हतं. गुंजननं लगेच बुकिंग केलं. ‘फॅमिली बाँडिंग होईल,’ असं तिनं घरच्या ग्रुपवर लिहिलं.

थोरली सून शामला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. बाँड जुळताना उष्णता बाहेर पडते आणि तोडायचा असेल तर ती बाहेरून द्यावी लागते, हे ती दर वर्षी अकरावीला सांगत आली होती. दीर सौरव पुण्याहून गाडी घेऊन आला, वडिलांच्या पाया पडला आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही पुढं बसा, एसी तुमच्याकडं वळवतो,” तेव्हा ही बाहेरून आलेली उष्णता आहे, हे तिनं ओळखलं.

सौरवच्या मनात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं; फक्त ज्यांच्याबद्दल होतं त्या गणपतरावांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पुण्याबाहेर ज्येष्ठांसाठी एक संकुल झालं होतं. तिथं लिफ्ट होती, डॉक्टर होता, संध्याकाळी भजन होतं आणि सकाळी हसण्याचा वर्ग होता. गणपतराव आयुष्यात विनाकारण हसले नव्हते, पण तो तपशील झाला.

कारण मात्र खोटं नव्हतं. यमुताई गेल्यापासून गणपतराव जेवायला उठत नव्हते. ताट वाढलेलं दिसे, भूकही असे, तरी मागच्या दारातल्या खुर्चीत बसून ते हाकेची वाट बघत. आणि साधी हाक चालत नसे. शामला लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांना ‘मामाजी’ म्हणायची. “मामाजी, जेवायला चला” हे त्यांच्या कानावर पडे, पण लागू होत नसे. पन्नास वर्षं त्यांना एकाच शब्दानं उठवलं होतं. अजी, गॅस संपला. अजी, नळ आले. अजी, भंगारवाला पुढं गेला ना. नुसतं ‘अजी’ यमुताईंनी कधी म्हटलं नाही. त्या शब्दाला शेपटीसारखं काम लागलेलंच असे. गणपतराव वीज मंडळातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, पण या शब्दापुढं ते कायम रोजंदारीवर होते. “हाव, आलो,” म्हणत, वैतागत आणि उठत.

घरात तो शब्द पितळी भांड्यांसारखा सासूकडून सुनेकडं आला होता. शामलाही नवऱ्याला, विश्वनाथला, अजीच म्हणायची. गुंजन सौरवला सरळ सौरव म्हणायची, त्यामुळे पितळी भांड्यांसारखाच तो शब्दही तिच्या वाट्याला आला नाही.

शामलाची आणखी एक अडचण होती. तिचा आवाज हळूहळू हुबेहूब सासूसारखा झाला होता. फोनवर तर कुणालाच फरक कळत नसे; यमुताईंच्या बहिणी कितीदा तरी शामलाजवळच शामलाची निंदा करून मोकळ्या झाल्या होत्या. फाल्गुनानंतर एकदा तिनं स्वयंपाकघरातून विश्वनाथला हाक मारली आणि मागच्या दारात कप फुटला. तेव्हापासून ती घरात कमी बोलायची. दिवसभर वर्गात ओरडून आलेली बाई घरी येऊन खुणा करायची. आठ महिने खुणा करून करून ती थकली होती.

म्हणून वाटेत सौंसरला, ढाब्यामागच्या नळावर हात धुताना गुंजननं विचारलं, “वहिनी, आपण दोघी एका बाजूला असलो तर भाऊजी काही म्हणणार नाहीत. बाबांना पुण्याला न्यायचं ना?” तेव्हा शामलानं ओले हात झटकले आणि म्हणाली, “हाव.”

गुंजन माहेरची अकोल्याची, पण पुण्यात राहून स्वच्छ झालेली. ती हसली. “तिकडं हाव म्हणजे लोभ, वहिनी.”

शामलाही हसली. दोघी जावा लग्नानंतर पहिल्यांदाच एका मुद्द्यावर एक झाल्या होत्या आणि तो मुद्दा पुढच्या सीटवर झोपून घोरत होता.

निमदऱ्याला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. फोटोतली शेकोटी तिथं होती, पण विझलेली. कड्याच्या अलीकडं तंबूंची एक रांग, कँटीन म्हणून पत्र्याची शेड, मग लोखंडी कठडा, आणि कठड्यापलीकडं उताराचा सपाट खडक. खडक कुठं संपतो ते दिसत नव्हतं, कारण दरीतून धुकं वर येऊन त्याच्या कडेला बसलं होतं, दुकानाच्या पायरीवर रिकामटेकडे बसतात तसं. व्यवस्था बघायला नत्थूजी होते. ते सौंसरकडचे, म्हणून पाहुणे नागपूरचे कळल्यावर मराठीवर आले. कठड्याच्या पलीकडं जायचं नाही, गरम पाणी सकाळी कँटीनमध्ये मिळेल आणि मोबाइलला रेंज आली तर चांगला अभिप्राय टाकायचा, एवढं सांगून ते गेले.

गणपतरावांनी तंबूत डोकावून पाहिलं, आत लोंबणाऱ्या वायरला बोट न लावता तिची चौकशी केली, अर्थिंग नाही असा निकाल दिला आणि प्लॅस्टिकची खुर्ची उचलून कठड्याजवळ नेली. दरीकडं तोंड करून बसले. शामलाला ते बसणं ओळखीचं वाटलं. मागचं दार तेवढं नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला धुकं कठडा ओलांडून तंबूंत शिरलं. विश्वनाथ कॅम्पच्या खुर्चीत पाय लांब करून पडला होता. शामला त्याच्याच शेजारी उभी राहून स्वेटरमध्ये डोकं घालत होती. तेवढ्यात हाक आली.

“अजी…”

बाईचा आवाज. लांबून आलेला, पण ओरडून नव्हे. शेजारच्या खोलीतून यावा तसा.

“काय वं?” विश्वनाथनं जागेवरूनच विचारलं. पहिल्या हाकेला तो उठल्याचा इतिहास नव्हता.

शामलाचं डोकं स्वेटरमधून बाहेर आलं. मी काही म्हटलं नाही, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, आत्ताच तर अजी म्हणालीस. ती म्हणाली, माझं तोंड लोकरीत होतं. पलीकडच्या तंबूतून जबलपूरचे एक जाडसर गृहस्थ साबण लावलेल्या अर्ध्या गालानिशी बाहेर आले आणि “हां, बोलो,” म्हणाले. त्यांची बायको उलट्या बाजूनं, कँटीनकडून, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन येत होती. मैंने कहाँ बुलाया, ती म्हणाली. गृहस्थ जरा वेळ धुक्याकडं बघत उभे राहिले, गालावरचा साबण वाळला, मग आत गेले.

सौरव तेवढा तंबूतून बाहेरसुद्धा आला नाही. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी त्यात त्याचं काही नव्हतं.

शामलानं कठड्याकडं पाहिलं. गणपतराव जागचे हलले नव्हते. फक्त इतका वेळ खुर्चीखाली काढून ठेवलेल्या चपला आता त्यांच्या पायांत होत्या.

नत्थूजींना विचारलं तर ते भाजी ढवळता ढवळता म्हणाले, “ते येते आवाज. इको आहे दरीत.”

“इको म्हणजे आधी कुणीतरी बोलावं लागतं ना,” शामला म्हणाली. शिकवायची सवय.

“आधीच्या पार्टीचा असंन,” नत्थूजी म्हणाले. “कधी कधी उशिरा येते.”

त्यांनी हे गाडी उशिरा येते म्हणावं तसं सांगितलं आणि मिठाचा अंदाज विचारला.

विश्वनाथला आईचा नियम आठवला आणि तो त्यानं हसत हसत काढला. भीती वाटली की तो हसायचा. यमुताईंचं माहेर जंगलाकाठचं. रानात दिवेलागणीनंतर नावानं हाक आली तर लगेच हाव म्हणायचं नाही, त्या सांगायच्या. तिसऱ्या हाकेला म्हणायचं. त्यांना नाव दोनदाच घेता येतं. ‘त्यांना’ म्हणजे कुणाला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गणपतराव अशा वेळी म्हणायचे की भूत म्हणजे लूज कनेक्शन, स्क्रू आवळला की बंद होतं.

“पण हे काही नाव नव्हतं,” विश्वनाथ म्हणाला. मग त्याचं हसणं थांबलं. नाव नसेल तर नियम लागू होतो का, हे विचारायला आई नव्हती.

ताटं वाढली. शामलानं खूण केली आणि विश्वनाथ वडिलांना हाताला धरून घेऊन आला. शेकोटीत ओलं लाकूड होतं. ते जळत नव्हतं, नुसतं तक्रार करत होतं. सौरवनं पहिल्या घासानंतर विषय काढला. चांगला काढला, तो कंपनीत लोकांना कमी करण्याच्या खात्यात होता आणि त्याचा आवाज त्यासाठी घडवलेला होता. बाबा, तुमची काळजी वाटते. वहिनी दिवसभर कॉलेजात. तिथं तुमच्या वयाची माणसं आहेत. आम्ही दर रविवारी येऊ. आवडलं नाही तर परत.

गणपतराव भाकरीचा तुकडा मोडत सगळं ऐकत होते.

“तिथं जेवाले बोलावते कोण?” त्यांनी विचारलं.

“घंटा होते, बाबा.”

“घंटेले हाव म्हणायचं का?”

गुंजन हसली, मग तो विनोद नव्हता हे कळून थांबली. विश्वनाथ ताटात बघत होता. तो शामलाची वाट पाहत होता. आजवर सौरवचा प्रत्येक प्रस्ताव तिनं हाणून पाडला होता आणि नंतर विश्वनाथनं तिला ‘तू फार तोडून बोलतेस’ म्हटलं होतं. या दोन कामांची वाटणी घरात पक्की होती. आता ती काही बोलेना, तेव्हा तो अस्वस्थ होऊन दोनदा खोकला.

गणपतरावांनीच मान वर केली. “तुले काय वाटते वं, शामला?”

शामलानं उगाचच भात सारखा केला. गुंजनचा गुडघा तिच्या गुडघ्याला हलकेच लागला.

“चांगली जागा आहे म्हणतात,” ती म्हणाली.

गणपतरावांनी मान हलवली. एखाद्या खांबावर वीज नाही हे कळल्यावर त्यांनी आयुष्यभर अशीच मान हलवली असणार. “सकाळी सांगतो,” ते म्हणाले, आणि हात धुवायला न सांगता उठले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते न बोलावता कुठं निघाले होते. सौरवला हे शुभलक्षण वाटलं. तसं त्यानं बोलूनही दाखवलं.

सकाळी शामला उठली तेव्हा तंबूचं कापड आतून ओलं झालं होतं. विश्वनाथ घोरत होता. उजाडलं होतं, पण उजेड कुठून येतो ते कळत नव्हतं. सगळीकडून सारखाच पांढरा. ती गरम पाण्यासाठी भांडं घेऊन निघाली. सासऱ्यांच्या तंबूची चेन उघडी होती. आत अंथरुणाची व्यवस्थित घडी, घडीवर कानटोपी, कानटोपीवर चष्मा. शेजारी तेलाची बाटली आणि कंगवा. कंगव्यात पांढरे केस होते.

तिनं कंगवा उचलून पाहिला. माणूस कड्यावर फिरायला जाताना चष्मा घेतो आणि कंगवा विसरतो. हे उलटं होतं.

कठड्याजवळची खुर्ची रिकामी होती. शामलानं भांडं खुर्चीवर ठेवलं. धुक्यात थोडं पुढं दिसत होतं आणि मग काही दिसत नव्हतं, आणि त्या दोन्हींच्या सीमेवर, कठड्याच्या पलीकडं, उताराच्या खडकावर गणपतराव उभे होते. इस्त्रीचा शर्ट. तेल लावून चापून बसवलेला भांग. पाठ तिच्याकडं. लग्नाच्या फोटोत होते तसे दिसत होते.

“अजी…”

आवाज पलीकडून आला. जिथं खडक संपायला हवा त्याच्याही पलीकडून. शामलाला तो घशात जाणवला, स्वतः बोलल्यावर जाणवतो तसा. तो यमुताईंचा होता, म्हणजे तिचाच होता.

“हाव,” गणपतराव म्हणाले. “आलो.” आणि एक पाऊल पुढं गेले. त्यात वैताग नव्हता.

“मामाजी!” शामला ओरडली.

ते ऐकू गेलं. त्यांची मान किंचित हलली, माशी बसल्यावर हलते तशी. मग आणखी एक पाऊल. ती पुन्हा ओरडली, मामाजी, मागं या, पुढं कडा आहे. शब्द पोचत होते, लागू होत नव्हते. कठड्यावरून उडी मारून धावावं, तर ओल्या खडकावर आधी तीच घसरून त्यांना घेऊन गेली असती. विश्वनाथला उठवायला जावं, तर विश्वनाथ पहिल्या हाकेला उठत नाही.

एकच शब्द उरला होता. तो तिच्या तोंडात होता, रोजच असायचा. पण सून सासऱ्याला अजी म्हणत नाही. पेटत्या घरातसुद्धा म्हणत नाही. तो शब्द बायकोचा. आणि तो एकदा उच्चारला की मग तो पुन्हा तोंडात घालता येणार नव्हता. रोज सकाळी, रोज दुपारी, नळ आले की, गॅस संपला की. त्या हाकेला उठणाऱ्या माणसाला मग कोणत्या संकुलात ठेवता येणार होतं.

आणि नाही उच्चारला, तर कुणी काही विचारणार नव्हतं. म्हातारा माणूस, चष्मा तंबूत, धुकं. शामला कठडा धरून उभी राहिली. किती वेळ, ते तिनं पुढं कधीही मोजलं नाही.

“अजी,” ती म्हणाली.

गणपतराव थांबले.

“अजी…” पलीकडून आलं. तोच आवाज, तोच सूर, फक्त जास्त गोड.

ते दोन हाकांच्या मधे उभे होते. त्यांनी आधी मागं कान दिला, मग पुढं. शामलाला त्यांचा चेहरा बाजूनं दिसला. चुकल्यासारखा नव्हता तो. मागणी आलेल्या मुलीसारखा होता. मग ते हसले आणि पुढं वळले, आणि त्या हसण्यावरून तिला कळलं की ते कशाला हसत होते. पलीकडची काही काम सांगत नव्हती. नुसतं बोलावत होती.

शामलानं पदर नसलेल्या खांद्यावर पदर ओढला, हात कमरेवर ठेवले आणि आठ महिने दाबून ठेवलेला सगळा आवाज सोडला.

“अजी, गॅस संपला! दूध अर्धं कच्चं राहिलं. बसून काय राहिले, सिलेंडर लावून द्या ना!”

धुक्यात क्षणभर काहीच नव्हतं. मग खडकावरून एक अत्यंत वैतागलेला आवाज आला.

“आत्ता तर लावला होता. काय खाता का काय गॅस तुम्ही लोकं?”

आणि गणपतराव वळले. पुटपुटत, चपला फटफटवत, उतार चढून आले. रेग्युलेटर नीट बसवत नाही कोणी, रबर पाहत नाही कोणी, असं काय काय बोलत त्यांनी कठड्यावरून पाय टाकला. अलीकडं आल्यावर त्यांनी डोळे बारीक करून समोर पाहिलं.

“तू होय,” ते म्हणाले.

शामलानं खुर्चीवरचं भांडं उचललं, गणपतराव खुर्चीत बसले.

“मले माहीत होतं, दोन्हीतली खरी कोणीच नाही,” ते म्हणाले. “माही बायको मेली, एवढं समजते मले. पण तिकडची बिनकामाची बोलावून राहिली होती ना वं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, जाऊन पाहावं.”

“मग आले कशाले?”

“काम निघालं ना.” त्यांनी हात पसरले. “काम निघाल्यावर काय करता.”

पुढं पलीकडून हाक आली नाही. दोघं कान देऊन बसले होते, पण एकमेकांना तसं कळू न देता.

चहाला सगळे शेडमध्ये जमले तेव्हा धुकं वर उचलायला लागलं होतं. सौरव दाढी करून ताजातवाना आला होता. बाबा, सकाळी सांगतो म्हणाला होतात, त्यानं आठवण करून दिली. गणपतरावांनी बशीत चहा ओतला आणि शामलाकडं पाहिलं.

“मामाजी कुठं जाणार नाहीत,” शामला म्हणाली. “सिलेंडर कोण लावणार?”

गुंजनचा कप अर्ध्यावर थांबला. “वहिनी, आपलं ठरलं होतं ना?”

“ठरलं होतं.”

“मग?”

“मग मी हाक मारून बसले,” शामला म्हणाली.

गुंजनला काही कळलं नाही, आणि शामलानं सांगितलंही नाही. सौरवनं दादाकडं पाहिलं. विश्वनाथचा चेहरा लख्ख उजळला होता. बायको पुन्हा तोडून बोलायला लागली होती आणि आता त्याला मोकळेपणानं दोन्ही बाजूंचा विचार करता येणार होता. तो म्हणाला की सौरवचंही चूक नाही. मग म्हणाला की पण घर ते घर. गुंजननं कप जरा जोरात ठेवला. पुण्यापर्यंतचा परतीचा प्रवास कसा होणार याची सगळ्यांनाच कल्पना आली.

नत्थूजींनी पोहे आणून ठेवले आणि रेंज आली का विचारलं.

पोहे खाऊन सामान बांधायला घेतलं. विश्वनाथ कठड्याजवळच्या खुर्चीत टेकला होता, अर्थात दमून. शामला त्याच्या पाठीमागं वाकून चादरींची घडी घालत होती, गणपतराव बॅगेवर बसून चपलेचा बंद बघत होते. ऊन आलं होतं. दरीत खाली हिरवं दिसायला लागलं होतं आणि तिच्यात आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“अजी, गॅस संपला!” दरीतून आलं.

शामलाचा आवाज. कमरेवर हात ठेवलेला, वैतागलेला, तंतोतंत.

“दूध अर्धं कच्चं राहिलं. या ना.”

“इको,” सौरव तंबूच्या खिळ्यांशी झटापट करत म्हणाला. “मस्त येतो नाही?”

शामला ताठ उभी राहिली. सिलेंडर लावून द्या, ती म्हणाली होती. ‘या ना’ ती म्हणाली नव्हती. यमुताईही कधी म्हणाल्या नव्हत्या. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. गणपतराव बॅगेवरून हलले नव्हते. त्यांनी एकदा हाक ऐकली होती आणि तिच्यातून स्वतःला सोडवून घेतलं होतं. ती आता त्यांची नव्हती.

“आता तिले काम बी सांगता येते,” ते हळूच म्हणाले.

आणि विश्वनाथ, जो सत्तावीस वर्षांत पहिल्या हाकेला कधीही उठला नव्हता, तो खुर्चीतून उठला. “हाव,” तो म्हणाला. “आलो.” त्याचा एक हात कठड्यावर होता. शामला मागं दोन हातांच्या अंतरावर उभी आहे, हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

तिनं तोंड उघडलं. अजी म्हणणार होती. मग तिला समजलं की तो शब्द आता तिच्याकडं राहिलेला नाही. तिकडून येईल तो आणि इकडून जाईल तो, दोन्ही सारखेच असतील, आणि तिकडचा जास्त गोड असेल.

“विश्वनाथ,” ती म्हणाली. “बस खाली.”

नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. ते तिला लांबलचक वाटलं, दुसऱ्याच कुणाचं तरी. विश्वनाथ दचकून वळला, तिच्याकडं बघत राहिला, आणि बसला. गुंजननंही घडी घालायचं थांबवलं.

दरीत काहीच आवाज नव्हता. ती शांतता विश्रांती घेणाऱ्या माणसाची नव्हती. पाठ करणाऱ्याची होती.

“नाव हळू घे वं,” गणपतराव म्हणाले. “तिकडं ऐकू जाते.”